बिंदुसरेच्या काठी समुद्राचे पाणी

गोड्या पाण्यातील मासे काही वर्षे सांभाळल्यानंतर अनेकांना समुद्री माशांच्या रंगांची ओढ लागते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, पाणीटंचाई अंगवळणी पडलेल्या जिल्ह्यात हा छंद जमतो का, आणि जमवायचा तर काय नव्याने शिकावे लागते, याची ही ओळख.

बीड जिल्ह्यात मासे म्हणजे माजलगाव आणि मांजरा धरणांतील रोहू, कटला. समुद्राशी आपला संबंध आठवडी बाजारातील सुकट-बोंबलापुरता. तरीही बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या शहरांत घरातील मत्स्यपेटी आता नवलाईची राहिलेली नाही. गप्पी, मॉली, सोनमासा, एंजल असा क्रम लावत दोन-चार वर्षे मासे नीट जगवणारे छांदिष्ट येथेही आहेत. त्यांना एके दिवशी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ल्यालेला क्लाउनफिश खुणावू लागतो. कोणाला तो २००३ च्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटातून भेटलेला असतो, तर कोणाला मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये सुरू झालेले, २०१५ मध्ये नव्या रूपात खुले झालेले ते मत्स्यालय इमारत धोकादायक ठरल्याने पुढे बंद करण्यात आले. पण शाळेच्या सहलीत त्याच्या काचेला नाक लावून उभे राहिलेल्या पिढ्या अजून ते विसरलेल्या नाहीत.

मग प्रश्न पडतो, आपल्या पेटीत मीठ टाकले की झाले का? नाही. गोड्या पाण्याच्या छंदात पाणी तयार मिळते. नळाचे किंवा बोअरचे पाणी एक दिवस बादलीत ठेवले, क्लोरीन उडू दिला, की काम भागते. समुद्री पेटीत मात्र पाणी स्वतः घडवावे लागते आणि घडवलेले पाणी रोज जसेच्या तसे राखावे लागते. या छंदातील बहुतेक अपयशांचे मूळ येथेच असते. माशाच्या निवडीत ते क्वचितच सापडते.

माशाच्या अंगातील मीठ

गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत राहते. असा मासा पाणी जवळपास पीतच नाही आणि पातळ लघवीच्या रूपाने जादा पाणी बाहेर टाकत राहतो. समुद्री माशाचे नेमके उलट. त्याच्या रक्तापेक्षा समुद्र कितीतरी खारट असल्याने शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. चोहीकडे पाणी असूनही तो तहानलेला असतो. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि त्यातील मीठ कल्ल्यांतील खास पेशींवाटे बाहेर फेकतो. या कामात त्याची बरीच शक्ती खर्च होते. पाण्याचा खारेपणा एकाएकी बदलला, तर ही सारी यंत्रणा कोलमडते. गप्पीच्या पेटीतील निम्मे पाणी एका दमात बदलून निभावून गेलेल्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

दुसरा फरक प्राणवायूचा. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात जेमतेम ६.८. पाणी ३२ अंशांवर गेले, तर हा आकडा सहाच्या आसपास उतरतो. म्हणजे ज्या आकाराच्या पेटीत आपण वीस गप्पी सुखाने ठेवत होतो, तेथे समुद्री मासे चार-पाचच ठेवावे लागतात.

तिसरा फरक अमोनियाचा. माशाच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ ते ८.४ असतो. सामू सातच्या आसपास असलेल्या पाण्याच्या तुलनेत येथे अमोनियाचा विषारी अंश दहापटीहून अधिक असतो. गोड्या पाण्यात माशाला नुसते मलूल करणारी मात्रा येथे त्याचा जीव घेऊ शकते.

पाणी घडवताना

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइडचा वाटा मोठा असला, तरी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम हेही ठरावीक प्रमाणात असावे लागतात. स्वयंपाकघरातील मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड, वर त्यात आयोडीन मिसळलेले. ते कितीही मोजून टाकले, तरी समुद्र तयार होत नाही. मत्स्यपेटीसाठी खास बनवलेले सागरी मीठ पिशव्यांतून किंवा बादल्यांतून मिळते. 'रेड सी', 'इन्स्टंट ओशन' ही त्यातील परिचित नावे. बीडमध्ये ते दुकानात सहसा मिळत नाही, पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावे लागते. तेव्हा एक पिशवी वापरात आणि एक शिलकीत, असा शिरस्ता ठेवावा.

आता ज्या पाण्यात हे मीठ विरघळवायचे, त्याची गोष्ट. मराठवाड्यातील बोअरचे पाणी जड असते, हे आपल्या गिझरच्या कॉइलवरील पांढऱ्या थराने कधीच सिद्ध केले आहे. अडचण एवढीच नाही. खतांचा वापर आणि सांडपाण्याचा झिरपा यांमुळे मराठवाड्यातील अनेक ठिकाणच्या भूजलात नायट्रेटचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेल्या लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. गोड्या पाण्यातील पाणवनस्पती त्यावर पोसतात. समुद्री पेटीत मात्र त्याच नायट्रेटवर शेवाळ माजते आणि महिन्याभरात काचेवर तपकिरी-हिरवी साय धरते. शिवाय बोअरच्या पाण्यातील क्षारांची भर पडल्याने खास मिठाचे मोजून-मापून साधलेले प्रमाणही बिघडते. म्हणून आरओचे पाणी अपरिहार्य ठरते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारी सोय असते. ती बंद करून घ्यावी लागते. आणि गल्लोगल्ली मिळणाऱ्या जारच्या पाण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. थंड असणे आणि शुद्ध असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खिशात मावणारे टीडीएस मीटर फारसे महाग नसते. त्यावर आकडा दहा-वीसच्या आत आला, तर पाणी उत्तम. शंभराच्या वर गेला, तर ते आपल्यासाठी पिण्याचे पाणी आहे, पेटीसाठी नव्हे.

पावसाचे पाणी? विचार वाईट नाही. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यावेत आणि मगच पाणी साठवावे. मात्र पत्र्यावरून आलेले पाणी घेऊ नये. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि कोळंबी-गोगलगायींसारख्या समुद्री जिवांना जस्त व तांबे अत्यल्प प्रमाणातही बाधते.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. नवशिक्याने याहून लहान पेटी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'आधी लहान जमवू, मग मोठी घेऊ' हा व्यवहारातील शहाणपणा येथे उलटा लागू पडतो, कारण पाणी जितके जास्त तितका त्यातील बदल संथ. सोयीसाठी दोनशे लिटर धरू. त्याला सात किलो मीठ लागेल. पाणी, काच आणि दगड मिळून वजन अडीचशे किलोच्या पुढे जाईल, तेव्हा जुन्या माळवदाच्या घरात किंवा कमकुवत टेबलावर पेटी मांडण्याचा विचारही नको. तळमजल्यावरची भक्कम भिंतीलगतची जागा उत्तम.

आणि आता तो हिशेब, जो बीडमध्ये राहणाऱ्याने टाळू नये. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीपणाने. २०१५-१६ चा दुष्काळ आठवत नाही असे घर येथे नसेल. पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते आणि शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले होते. अशा ठिकाणी काचेच्या पेटीत दोनशे लिटर पाणी भरून मासे पाहत बसणे शोभते का, हा प्रश्न शेजारी विचारतील. त्याआधी आपणच विचारलेला बरा. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी वाया घालवते. म्हणजे पेटी पहिल्यांदा भरताना सुमारे सहाशे लिटर पाणी बाजूला निघते. पुढे उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटरची भर घालावी लागते. त्यापोटी आणखी दहा-बारा लिटर. हे पाणी फरशी, संडास, गाडी धुण्यासाठी वापरले, तर घरातील एकूण खर्च फारसा वाढत नाही. गटारात सोडले, तर तो निव्वळ उधळेपणा ठरतो. मोठे पिंप आणि पाइप यांची सोय पेटीच्या आधी करावी. ज्या घरात उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच टँकरचे असते, त्या घराने हा छंद धरू नये, असे मी म्हणेन. गप्पीची पेटी तेथे पुरेशी देखणी आहे.

एक गोष्ट मात्र सवयीने हमखास चुकते. गोड्या पेटीतील काढलेले पाणी तुळशीला, गुलाबाला खतासारखे लागू पडते. समुद्री पेटीचे पाणी कुंडीत ओतले, तर झाड मरेल. ते मोरीतच सोडावे लागते.

उन्हाळा आणि कूलरची युक्ती

प्रवाळ-बेटांवरील माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. बीडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरील स्लॅबखालची खोली रात्रीही निवत नाही. पाणी थंड करणारे चिलर हे यंत्र मिळते, पण त्याची किंमत पेटीहून अधिक असू शकते.

येथे कोरड्या हवेचा आपल्याला फायदा होतो. ज्या तत्त्वावर वाळ्याची ताटी आणि आपला कूलर चालतो, त्याच तत्त्वावर पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा घालणारा लहानसा पंखा पेटीचे पाणी तीन-चार अंशांनी उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा इतका परिणाम दाखवत नाही. तळमजल्याची आतली खोली, दिवे रात्री लावण्याची सवय आणि पंखा एवढ्यावर बराचसा उन्हाळा निभावतो. मेच्या ऐन काहिलीत मात्र खोलीला एसी किंवा पेटीला चिलर लागेल, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. उलट डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १०-१२ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा हीटरही हवा.

पंख्याने पाणी थंड होते ते वाफ होऊन. वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ पेटीतच राहते. मिठागरात हेच घडते. आमटी आटली की आपण तीत पाणी घालतो, मीठ नाही. पेटीतही तसेच करायचे असते. दोनशे लिटरच्या पेटीतून रोज चार लिटर पाणी उडाले आणि पाच दिवस दुर्लक्ष झाले, तर १८० लिटर पाण्यात तेच सात किलो मीठ उरते. खारेपणा हजारी ३५ वरून जवळपास ३९ वर जातो. पातळी कमी दिसली म्हणून कोणी तयार खारे पाणी ओतत राहिले, तर महिन्याभरात पेटीत चार किलोंहून अधिक जादा मीठ जमते आणि खारेपणा ५६ च्या घरात पोहोचतो. मासे त्याच्या कितीतरी आधी गेलेले असतात. पातळी भरायची ती आरओच्या गोड्या पाण्याने, रोज, थोडी थोडी. तयार खारे पाणी लागते ते पंधरवड्यातून एकदा वीस-तीस लिटर जुने पाणी काढून बदलण्यासाठी. तेही आदल्या दिवशी बादलीत मीठ घालून, लहान मोटरने रात्रभर फिरवून घ्यावे.

खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हे दुर्बिणीसारखे दिसणारे साधन घ्यावे. पाण्याचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे पाहिले, की आकडा दिसतो. तरंगत्या काट्याचे स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकते. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ दिसले, की समुद्र जमला.

दगड, फेस आणि थांबणे

गोड्या पेटीत सौंदर्य पाणवनस्पतींचे; येथे ते दगडांचे. हे दगड शोभेपुरते नसतात. त्यांच्या छिद्राछिद्रांत राहणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पेटीचे खरे गाळणयंत्र तेच. परदेशी पुस्तकांतून आणि चित्रफितींतून यासाठी समुद्रातून काढलेले जिवंत प्रवाळखडक सुचवले जातात. भारतात तो मार्ग बंद आहे, आणि योग्य कारणाने बंद आहे. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि महाकाय शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षित आहेत. मेलेला प्रवाळही त्यातून सुटत नाही. सहलीहून आणलेला किंवा कोणी 'सजावटीचा पांढरा दगड' म्हणून विकलेला प्रवाळाचा तुकडा पेटीत ठेवणे हा तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा आहे. दुकानदार 'सगळे चालते' म्हणाला, तरी कायदा ग्राहकालाही लागू होतो.

पर्याय सोपे आहेत. सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम खडक मिळतात. आपला काळा पाषाणही आधारासाठी चालू शकतो. शेवटी मुंबई-रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर लाटा झेलणारा खडक आणि बालाघाटाच्या डोंगरातील खडक एकाच लाव्हाचे भाऊ. फक्त तो गंजाच्या रेषा नसलेला, घासून-उकळून घेतलेला असावा. काळा पाषाण ठोस असल्याने जिवाणूंचे घर म्हणून मात्र सिरॅमिकची बरोबरी करत नाही.

प्रोटीन स्किमर हे गोड्या पाण्याच्या छंदिष्टाला अपरिचित असलेले यंत्र. आपल्याकडे त्याची कल्पना समजावणे अवघड नाही. गुऱ्हाळात उसाचा रस कढताना वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. स्किमर तेच करतो. तो पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतो, त्यांना सेंद्रिय मळ चिकटतो आणि तपकिरी फेस होऊन वरच्या कपात जमा होतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक आणि टिकाऊ बनतात, म्हणून ही युक्ती येथे चालते. आठवड्याने तो कप उघडल्यावर येणारा वास हीच त्याच्या कामाची पावती.

पाणी भरले, दगड रचले, मोटर सुरू झाली, की मासे आणण्याची घाई होते. येथे थांबावे लागते. चिमूटभर मत्स्यखाद्य किंवा कच्च्या कोळंबीचा तुकडा पेटीत टाकून जिवाणूंना वाढू द्यावे आणि दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट तपासावे. दोन्ही आधी चढतात, मग उतरतात. दोन्ही शून्यावर येऊन तेथे टिकायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. पूर्वी या काळात 'चिवट' म्हणून डॅमसेल मासे सोडण्याची पद्धत होती. त्यांना अमोनियात भाजत ठेवणे क्रूर आहे आणि अनावश्यकही. शिवाय वाचलेला डॅमसेल पुढे पेटीतील दादा होऊन बसतो.

मुहूर्त पाहायचाच, तर तो पावसाचा पाहावा. जुलैत पेटी भरली, की पाणी मुबलक असते, हवा निवलेली असते, आणि नवरात्र-दसऱ्यापर्यंत पेटी परिपक्व होते. पहिला मासा दिवाळीच्या सुमारास आला, तर पुढच्या उन्हाळ्याशी गाठ पडण्याआधी चार-पाच महिने सरावाला मिळतात. मार्चमध्ये हौसेने पेटी भरणे म्हणजे पोहायला पुरात उतरण्यासारखे आहे.

पहिला मासा कोणता?

माझे उत्तर अनेकांना निराश करील. पहिला मासा आपल्या जुन्या पेटीतला मॉली असावा. मॉली हा निसर्गतः गोड्या, निमखाऱ्या आणि खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत तग धरणारा मासा आहे. एका बादलीत त्याचेच पाणी घेऊन त्यात पाच-सहा तास थेंब-थेंब खारे पाणी सोडत गेले, तर निरोगी मॉली पूर्ण समुद्री पाण्यात रुळतो. तो कोवळे शेवाळ खातो, स्वस्त आहे आणि मत्स्यशेतीतच पैदास झालेला असल्याने त्याच्यासाठी समुद्र ओरबाडावा लागत नाही. दोन महिने मॉली ठेवून पाणी भरण्याची, मोजण्याची, बदलण्याची शिस्त हाती बसली, की मग रंगांकडे वळावे.

हे का म्हणायचे? गोड्या पाण्यातील बहुतेक शोभेचे मासे तळ्यांत-टाक्यांत पैदा केलेले असतात. समुद्री माशांच्या बाजारात मात्र आजही मोठा भाग समुद्रातून पकडून आणलेल्यांचा आहे. इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या पट्ट्यात मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत अनेक दशके चालली. त्यात प्रवाळही मरतात आणि वाचलेले मासे काही आठवड्यांनी आपल्या पेटीत कारण न कळता दगावतात. नीमोच्या चित्रपटातील निळी डोरी, म्हणजे ब्लू टँग, बंदिस्त पाण्यात प्रथम वाढवण्यात अमेरिकेतील संशोधकांना यश आले ते थेट २०१६ मध्ये. दुकानात दिसणारी डोरी बहुधा समुद्रातूनच उचललेली असते, आणि तीन फुटांची पेटी तिला कोंडवाडा ठरते.

क्लाउनफिशचे तसे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या अनेक जातींच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक महिला शोभेच्या समुद्री कोळंबीचे संगोपन करतात. आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउनफिशची हॅचरी उभारली आहे. तेव्हा दुकानदाराला विचारावे: हा मासा पैदाशीचा की पकडलेला? उत्तर देताना तो चाचरला, तर दुसरे दुकान गाठावे. पैदाशीचा क्लाउनफिश कोरडे खाद्य पहिल्या दिवसापासून खातो, आणि त्याला समुद्रफुलाची गरजही पडत नाही. समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, पहिल्या वर्षी आणूच नये.

क्लाउनफिशची जोडी घेताना नर-मादी शोधत बसण्याचेही कारण नाही. हे सारे मासे आधी नर असतात. दोघांतला मोठा, वरचढ पुढे मादी होतो. एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन घेतले, की जोडीचे ते पाहून घेतात. पाणी टिकले, तर ही जोडी दहा वर्षांहून अधिक काळ सोबत करते, हे आणण्यापूर्वी घरात सर्वांना सांगितलेले बरे.

मासा बीडला येतो तो बहुधा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून, कुर्ल्याहून किंवा पुण्याहून, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. आठ-दहा तासांच्या या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू उतरतो. त्यामुळे तयार झालेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. गोड्या पाण्याच्या सवयीने उघडी पिशवी तासभर पेटीत तरंगत ठेवून वाटीवाटीने पाणी घालत राहणे म्हणूनच घातक ठरते. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्यावी, म्हणजे तापमान सारखे होईल. दुकानातील पाण्याचा खारेपणा आधीच फोनवर विचारून वेगळ्या लहान पेटीचे पाणी तेवढेच ठेवावे, आणि पिशवी उघडल्यावर मासा लगेच जाळीने त्यात सोडावा. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

ही वेगळी पेटी म्हणजे विलगीकरणाची जागा. कोविडनंतर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नवा मासा तेथे चार ते सहा आठवडे ठेवावा. समुद्री माशांनाही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो, पण तो गोड्या पाण्यातील रोगाहून वेगळ्या एकपेशीय परजीवीमुळे. मीठ घालून आणि पाणी गरम करून तो बरा होत नाही. त्यावरचे तांब्याचे औषध मुख्य पेटीत घातले, तर गोगलगायी, कोळंबी सारे मरतात. मुख्य पेटीत शिरलेला हा रोग काढायचा, तर पेटी कित्येक आठवडे माशांविना ठेवावी लागते. त्यापेक्षा दीड फुटाची साधी पेटी, एक स्पंज फिल्टर आणि प्लास्टिकच्या पाइपचे दोन तुकडे लपण्यासाठी, एवढी व्यवस्था केव्हाही स्वस्त.

वीज हा शेवटचा मुद्दा, महत्त्वाने मात्र शेवटचा नाही. प्राणवायू आधीच कमी असल्याने मोटर बंद पडली, की उन्हाळ्यात काही तासांतच मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतो. पाणी फिरवणारी एक मोटर त्यावर जोडावी, हीटर आणि चिलर जोडू नयेत. जोडीला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवावा.

लग्नसराईत किंवा वारीला घर बंद करून जावे लागले, तर काचेवर स्केचपेनने पाण्याच्या पातळीची रेघ मारावी आणि आरओच्या पाण्याचे कॅन भरून पेटीशेजारी ठेवावेत. शेजारच्या काकूंना किल्ली देताना दोनच गोष्टी सांगाव्यात: रोज सकाळी रेघेपर्यंत या कॅनमधले पाणी घालायचे, आणि मासे कितीही काचेशी आले, तरी त्यांना खायला घालायचे नाही. चार दिवस मासे उपाशी राहू शकतात. मायेने टाकलेल्या मूठभर खाद्याने मात्र परत येईपर्यंत पाणी दुधाळ झालेले असते.